दुखत नाही, म्हणून तपासायचं नाही?

जासईतल्या माझ्या दवाखान्यात एक मावशी बरीच वर्षं रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी येत. मी रक्तदाब मोजायचो, गोळ्या लिहून द्यायचो, नातवंडांची चौकशी करायचो. एकदा निघता निघता दारात थांबून त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, पाळी जाऊन आठ वर्षं झाली. पण चार महिन्यांपासून परत अंगावर जातंय."

तपासणीत गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला, तोही बराच पुढे गेलेला.

चार महिने त्यांनी दुखणं अंगावर काढलं, हे खरं. पण त्याआधी इतकी वर्षं त्या माझ्यासमोर बसत होत्या आणि "ही तपासणी कधी केली आहे का?" असं मी एकदाही विचारलं नाही. ती चूक माझी.

हा कर्करोग एका रात्रीत होत नाही. त्याचं मूळ असलेला एचपीव्ही हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. बहुतेक जणींमध्ये तो आपोआप निघून जातो. काहींमध्ये टिकून राहतो, पेशी बिघडवतो, आणि कर्करोग व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात. या काळात बहुधा काहीच त्रास होत नाही. म्हणूनच ही तपासणी धडधाकट असतानाच करायची.

ती सोपी आहे. गर्भाशयमुखाला पातळ अ‍ॅसिटिक आम्ल (व्हिनेगरमध्ये असतं तेच) लावून एक मिनिट थांबतात. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांसाठी दर दोन वर्षांनी ही तपासणी ठेवली होती. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, तर प्रशिक्षण दिलेल्या, दहावी शिकलेल्या कार्यकर्त्या होत्या. तपासणीच्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने पाच वर्षांतून एकदा तरी ही तपासणी करावी. सरकारी आरोग्य कार्यक्रमात ती आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. तेव्हाच स्तन आणि तोंडही तपासून घ्या. मिश्री लावत असाल तर तोंडाची तपासणी टाळू नकाच, आणि मिश्री सोडा. घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल तर एचपीव्ही लसीबद्दल डॉक्टरांशी बोला. मात्र पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त दिसलं, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका, लगेच दाखवा.

मावशींचे उपचार चालू असतानाच त्यांनी दोन्ही सुनांना माझ्याकडे पाठवलं. धाकटी म्हणाली, "सासूबाई म्हणतात, मला कोणी सांगितलं नाही, तुम्ही तरी जा."

आता रक्तदाब मोजून झाला की मी तो प्रश्न विचारतो. मी विसरलो, तर तुम्ही विचारा.