परळच्या इस्पितळांच्या वाटेवर

दिवाळीची सुट्टी संपली आणि एका संध्याकाळी शेजारची मुलगी आमच्या दारात येऊन उभी राहिली. बारावी सायन्सला आहे. "काका, मला नर्सिंगला जायचंय. आईला तुम्हीच समजवा." आम्ही कचेरीत कारकून, त्यामुळे वस्तीतले अर्ज, दाखले, शिक्के आमच्याकडेच येतात. पण या वेळी प्रश्न अर्जाचा नव्हता. मागे तिची आई उभी होती. ती कंत्राटी सफाई कामगार. म्हणाली, "भाऊ, मी जन्मभर लोकांची घाण काढली. पोरीला बारावीपर्यंत शिकवली ती काय पुन्हा घाणीतच हात घालायला?"

या प्रश्नाला आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. गावकीची हलकी कामे सोडा, मेलेली ढोरे ओढू नका, म्हणून ज्या समाजाने चळवळ केली त्या समाजातील आईचा हा प्रश्न आहे. तो हसण्यावारी नेता येत नाही. घरी वाद घालण्यापेक्षा प्रत्यक्ष पाहून यावे, असे आम्ही ठरवले. एक किरकोळ रजा टाकली आणि तिघे कल्याणहून लोकलने परळला निघालो.

परळ म्हणजे एकेकाळी गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारी वस्ती. आता गिरण्यांच्या जागी उंच टॉवर उभे आहेत. इस्पितळे मात्र आपल्या जागी आहेत. के.ई.एम. आणि वाडिया प्रसूतिगृह ही दोन्ही १९२६ सालची, मुलांचे वाडिया १९२९ चे, तर टाटा कॅन्सर हॉस्पिटल १९४१ चे. रस्त्याच्या कडेला प्लास्टिक अंथरून पेशंटचे नातेवाईक बसलेले. कोणी बिहारचा, कोणी बंगालचा, कोणी आपल्या मराठवाड्याचा. प्रत्येकाच्या हातात एक्स-रेची पिशवी. मुलगी गप्प झाली. नर्सिंगला जाण्यापूर्वी हा रस्ता एकदा पायी चालावा, असे आम्हाला वाटते. माणसांचे दुःख रोज पाहायची तयारी आहे का, हे इथेच कळते.

के.ई.एम.च्या दाराबाहेर आमच्या ओळखीच्या एक निवृत्त सिस्टर भेटणार होत्या. आपल्याच समाजातल्या. चहा घेता घेता आईने तोच प्रश्न त्यांना केला. सिस्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, खोटं सांगणार नाही. पहिल्याच वर्षी बेडपॅन द्यावं लागतं. पेशंटला पुसून काढावं लागतं. उलटी, रक्त, पू, सगळं हातून जातं. पण आम्ही लघवी नुसती टाकत नाही, ती मोजतो. किती पाणी आत गेलं, किती बाहेर आलं, ते कागदावर लिहितो. त्या आकड्यावर डॉक्टर औषध ठरवतात. रंग बदलला तर पहिली आम्हीच सांगतो. तुमचं काम कमी आहे असं नाही. तुम्ही झाडलं नाही तर आमचा वॉर्ड चालायचा नाही. पण तुम्हाला ते काम ना शिकवून दिलं, ना हातमोजे देऊन. हिला शिकवून, परीक्षा घेऊन, नोंदणी देऊन मिळेल."

आम्हाला विनयपिटकातली कथा आठवली. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता. भगवान बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले आणि रुग्णाची सेवा हीच आपली सेवा, असे संघाला समजावले. पुण्यात प्लेगच्या साथीत आजाऱ्यांची सेवा करतानाच सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. जातीने लादलेले काम निराळे आणि ज्ञानाने स्वीकारलेले काम निराळे. आईला हे आम्ही समजावण्यापेक्षा सिस्टरांनी बरे समजावले.

मग आईने दुसरी भीती सांगितली. "रात्रपाळी असते ना?" असते. तीन पाळ्यांत काम चालते, सण असो वा रविवार. याच इस्पितळात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने पाशवी अत्याचार केला. १८ मे २०१५ ला निधन होईपर्यंत ती ४२ वर्षे अंथरुणाला खिळून होती. तिला भरवणे, पुसणे, कुशीवर वळवणे हे सारे परिचारिकांच्या पिढ्यांनी केले आणि तिच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात त्यांची वाखाणणी केली. या पेशाचा धोका आणि थोरवी या एकाच हकिकतीत आहे. म्हणून पालकांनी लाज न बाळगता विचारावे: वसतिगृह आवारातच आहे का? रात्री ये-जा करताना सोबत कोण? २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती आहे का?

सिस्टरांनी मुलीला एक हिशेबही घातला. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचे, नळीतून १ मिलीला २० थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब? मुलगी गोंधळली. सिस्टर म्हणाल्या, "गणित आणि इंग्रजी आतापासून पक्कं कर. औषधाचं नाव इंग्रजीत असतं, आणि चुकीला माफी नसते." वॉर्डात जाण्यापूर्वी हिपॅटायटिस-बी लशीचे तीन डोस पुरे करावेत आणि वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये, हेही त्यांनी बजावले.

आता कारकुनी कामाच्या चार गोष्टी. ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. बी.एस्सी.ला भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हवेच आणि राज्याची सीईटीही द्यावी लागते. निकालानंतर जागे होऊन उपयोग नाही. बाकी दोन्हींना बारावी व इंग्रजी हवे. त्या वर्षीची प्रवेशसूचना मात्र स्वतः वाचावी.

जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज बारावीत असतानाच करावा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि बँक खाते यांवर नाव एकसारखे असावे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळते, पण प्रवेश सरकारी फेरीतून घेतलेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ती सवलत गेली.

आमच्या वस्तीतील एका मुलीने एजंटाच्या नादी लागून सहा महिन्यांचा "नर्सिंग" कोर्स केला. तिच्या वडिलांनी कर्ज काढले. तो कोर्स मान्यताप्राप्त नव्हता, त्यामुळे महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होईना. नोंदणी नाही तर नर्स नाही. आज ती दुकानात कामाला आहे. तेव्हा आम्ही चौकशी केली नाही, ही खंत आम्हाला आहे. म्हणून सांगतो, आधी परिषदेची मान्यता पाहा. प्रात्यक्षिकाचे रुग्णालय कोणते, खाटा किती, ते विचारा. पावतीशिवाय पैसा देऊ नका, मूळ कागद देऊ नका.

परतताना पोयबावडीला बी.आय.टी. चाळीवरून गेलो. बाबासाहेब १९३४ पर्यंत इथे राहिले. दोन लहान खोल्यांतून केवढी विद्या उभी राहिली! आईने चपला काढून नमस्कार केला.

गाडीत खिडकीशी बसून मुलगी कागदावर आकडेमोड करीत होती. कळव्याच्या पुढे तिने कागद आईपुढे धरला. आईने तो आमच्याकडे दिला. "बरोबर आहे का भाऊ?" आम्ही पडताळून पाहिले. मिनिटाला ४२ थेंब. बरोबर होते.

आई त्यावर काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी ती दारात आली. हातात पिशवी होती आणि पिशवीत नवऱ्याचा जातीचा दाखला, सासऱ्याचा शाळा सोडल्याचा दाखला. "वैधतेला हेच लागतात ना?" तिने विचारले.