गोळ्या कार्डावर मिळत नाहीत

डोंबिवली (पूर्व),
२ फेब्रुवारी २०२५

चि. निखिल,

तुझा फोन आला तेव्हा घरात माणसं होती, म्हणून नीट बोलता आलं नाही. तू म्हणालास, "मावशी, सत्तरीपुढच्या सगळ्यांना आता पाच लाखांचं कार्ड आहे, मग म्हाताऱ्या माणसांची काळजी मिटलीच की." टोरांटोत बसून तू वाचलेली बातमी खरी आहे. २९ ऑक्टोबर २०२४ला आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षांवरच्या सर्वांना घेतलं, तेही उत्पन्न न विचारता. आपल्या राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजनाही आता रेशनकार्डाचा रंग बघत नाही. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात आम्ही ही कार्डं काढून देतो आणि लोकांनी ती काढावीत म्हणून मागे लागतो. २०१७-१८च्या राष्ट्रीय पाहणीत साठीपुढच्या शंभरांपैकी जेमतेम अठरा जणांकडे कुठलातरी आरोग्यविमा होता. त्या मानानं हे पाऊल मोठंच. पण काळजी मिटली, हे मला पटलेलं नाही.

ही दोन्ही कार्डं चालतात ती माणूस ॲडमिट झाल्यावर. म्हातारपणातली बहुतेक दुखणी मात्र घरात, उठता-बसता सोसायची असतात. साखरेच्या आणि बीपीच्या रोजच्या गोळ्या, दर थोड्या महिन्यांनी रक्त तपासणं, डोळे दाखवणं, गुडघ्यासाठी फिजिओथेरपी, पायाला झालेली जखम वेळेवर कुणीतरी बघणं. हा खर्च ज्याचा त्यानं करायचा. तो झेपला नाही की गोळ्या एक दिवसाआड घेतल्या जातात. मग एक दिवस पाय काळा पडतो किंवा अर्धांगाचा झटका येतो, आणि त्या दिवशी कार्ड कामाला येतं.

तुझ्या आईकडेच बघ. घोडबंदर रोडला तिच्या इमारतीला लिफ्ट आहे, रक्त घ्यायला लॅबचा मुलगा सकाळी घरी येतो, तू पाठवलेल्या पैशांतून फिजिओथेरपिस्ट येते. तिच्याकडे इतकी वर्षं पोळ्या करणाऱ्या बाई तिच्याच वयाच्या, दुखणंही तेच, साखर आणि गुडघे. त्या राहतात दिव्याला. दिवा आणि घोडबंदर, दोन्ही एकाच ठाणे महापालिकेत. पण बाईंना मोठ्या सरकारी डॉक्टरला दाखवायचं तर दिव्याहून लोकल पकडून मुंब्र्यापुढे कळव्याला उतरायचं, तिथून रिक्षा, मग केसपेपरची रांग, मग डॉक्टरची रांग, मग औषधांची. सोबत यायचं तर सुनेचा खाडा होतो, त्या दिवसाची मजुरी जाते. म्हणून त्या जातच नाहीत. "दुखतंय, पण चालतंय," म्हणतात. बायकांच्या तोंडी हे वाक्य मी फार ऐकते. स्वतःच्या दुखण्यावर घरातला पैसा खर्च करायचा त्यांना संकोच वाटतो, आणि विधवा असतील तर तो जास्तच.

कळव्याचं नाव निघालं म्हणून सांगते. १२ आणि १३ ऑगस्ट २०२३ला तिथल्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. त्यातले १२ जण पन्नाशीच्या पुढचे होते. बरेच रुग्ण अत्यवस्थ अवस्थेतच आणले गेले, असं प्रशासनानं तेव्हा सांगितलं. ते मी मान्य करते, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. माणूस अत्यवस्थ होईपर्यंत त्याला कुठे बघितलंच गेलं नाही. त्यात ठाण्याचं जिल्हा रुग्णालय नऊशे खाटांच्या नव्या इमारतीसाठी मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलेलं. मग ठाणे, दिवा, कल्याण, मुरबाड, शहापूर, सगळीकडचा भार पाचशे खाटांच्या कळव्यावर. डोंबिवलीत शास्त्रीनगर रुग्णालय आहे, कल्याणात रुक्मिणीबाई आहे, पण दुखणं जरा गुंतागुंतीचं झालं की चिठ्ठी कळव्याची किंवा सायनची मिळते. अर्ध्या रात्री सत्तर-पंच्याहत्तरीचं माणूस घेऊन अँब्युलन्स शोधत फिरलेली कुटुंबं आमच्या संघातच आहेत.

आणि तारीख बघ. दोनच दिवसांनी, १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत झालं. निर्णय चांगलाच. पण महापालिकांची रुग्णालयं त्यात नव्हती. म्हणजे गावातल्या म्हाताऱ्याला तालुक्याच्या ठिकाणी जे फुकट मिळू लागलं, ते कल्याण-डोंबिवलीतल्या म्हाताऱ्यानं उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात किंवा ठाण्याच्या सिव्हिलला जाऊन घ्यायचं. शहरात राहतो म्हणून त्याच्याकडे पैसा आहे, असं कुणी गृहीत धरलं कोण जाणे.

या पट्ट्यातले आजचे म्हातारे म्हणजे कालचे कारखान्यातले कामगार. वागळे इस्टेटमधले, बेलापूर रोडवरचे, मोहन्याच्या एनआरसीतले. एनआरसीला नोव्हेंबर २००९मध्ये टाळं लागलं आणि माणसं थकीत देण्यांची वाट बघत म्हातारी झाली. कारखान्यातून निवृत्त झालेल्यांना ईपीएस पेन्शन मिळते. तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४पासून महिना १,००० रुपये आहे, आजही तेवढीच. त्यात औषधं घ्यायची की गॅस, हे तूच ठरव. राज्य सरकारनं गेल्या वर्षी वयोश्री योजनेतून पासष्टीपुढच्या गरिबांना एकदाच ३,००० रुपये दिले, चष्मा, काठी, श्रवणयंत्र घेण्यासाठी. चष्मा आणि काठी येते. कानाचं बरं मशीन त्यात येत नाही.

एक गोष्ट मात्र मी भेटेल त्या कामगाराला सांगते, तूही सांग. कामगार विम्यात किमान पाच वर्षं असलेला माणूस त्याच नोकरीतून वयोमानानं निवृत्त झाला, तर वर्षाला फक्त १२० रुपये भरून त्याला आणि त्याच्या जोडीदाराला विमा दवाखान्यात उपचार मिळतात, रोजची औषधंसुद्धा. म्हणजे कार्डात जे नाही ते इथे आहे. कित्येकांना हे ठाऊकच नाही. ठाऊक झालं तर नोकरीचा पुरावा मागतात, आणि कंपनी बंद पडून जमाना झालेला असतो. विमा क्रमांक लिहिलेलं जुनं कार्ड ट्रंकेत सापडलं तर नशीब. सत्तरीपुढच्यांच्या नव्या कार्डाचीही अडचण आहेच, त्यासाठी आधार लागतं. भांडी घासून बोटं झिजलेली, ठसा उमटत नाही. ओटीपी मुलाच्या मोबाइलवर जातो आणि मुलगा कामावर असतो.

रोजची औषधं आणि तपासण्या सगळ्यांना देणं गरीब देशाला जमणारच नाही, असं तू म्हणशील. थायलंडनं २००२मध्ये तीस बाटची योजना आणली तेव्हा तोही श्रीमंत नव्हता. तीस बाट भरले की तपासणी आणि औषधंसुद्धा, नुसतं ॲडमिट होणं नव्हे. इतक्या लांब कशाला, केरळनं २००८मध्ये उपशामक सेवेचं (पॅलिएटिव्ह केअरचं) धोरण केलं आणि आज तिथे पंचायतींच्या मदतीनं नर्स अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जाते. डोंबिवलीतल्या लिफ्ट नसलेल्या इमारतींत चौथ्या मजल्यावर अडकलेल्या माणसांना नेमकं हेच हवं आहे. डॉक्टर रोज नको, महिन्यातून एकदा नर्स येऊन बीपी बघेल, साखर बघेल, महिन्याच्या गोळ्या देईल, तरी पुष्कळ. मला विचारशील तर नव्या खाटांआधी हे व्हायला हवं.

तू संघाला व्हीलचेअर द्यायची म्हणतोस, मनापासून आवडलं. पण त्याआधी दुसरं एक काम कर. आम्ही ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या आयुक्तांना अर्ज देतो आहोत. साठीपुढच्यांना घराजवळच्या महापालिका दवाखान्यात महिन्याची औषधं मोफत द्यावीत आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी नर्स घरी पाठवावी, एवढंच मागणं आहे. नगरसेवकाकडे जाता येत नाही, कारण नगरसेवकच नाहीत. कल्याण-डोंबिवलीची मुदत नोव्हेंबर २०२०मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२मध्ये, तेव्हापासून प्रशासकच कारभार बघतात. तुझ्या शाळेतले निम्मे मित्र परदेशात आहेत आणि त्यांचे आईवडील इथे आहेत. त्या सगळ्यांच्या सह्या मिळव, आणि प्रत्येकाला आपल्या घरी काम केलेल्या एका म्हाताऱ्या माणसाचं कार्ड काढून द्यायला सांग. अर्जाची प्रत सोबत जोडली आहे. या महिनाअखेर सह्या आल्या पाहिजेत.

तुझी,
मावशी