विरजणापुरते दही

दही लावायला दहीच लागते. रात्री दूध कोमट करायचे, त्यात चमचाभर कालचे दही घालायचे, आणि सकाळी जे तयार होते त्यातले चमचाभर पुन्हा रात्रीसाठी बाजूला ठेवायचे. एखाद्या दिवशी पातेले रिकामे झालेच तर वाटी घेऊन शेजारी जायचे. त्यामुळे एका वाड्यावरची सगळी दही एकमेकांची सोयरी असतात. जगातले पहिले दही कुठून आले असे मी आजीला विचारले असते, तर "तुका कित्याक जाय तें?" म्हणून तिने मला वाटेला लावले असते.

संगणकाच्या जगात असेच एक विरजण आहे. त्याचे नाव कंपायलर. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या आकड्यांत उतरवून देणारा तो दुभाषी. पण कंपायलर हासुद्धा माणसांनी लिहिलेला प्रोग्रामच. मग त्याला आकड्यांत कोण उतरवणार? दुसरा कंपायलर. आणि त्या दुसऱ्याला तिसरा. वाटी घेऊन शेजारी जाणे इथेही चुकत नाही.

एरवी मी नाटकमंडळ्या, जुनी मासिके आणि जत्रा यांविषयी लिहितो. पोटापाण्याचा धंदा मात्र वेगळा: यंत्रांच्या पोटात बसवलेल्या लहान संगणकांसाठी प्रोग्राम लिहिणे. २०२४ च्या पावसाळ्यात त्या धंद्यातले एक काम असे आले की नाटकाच्या संहितेइतकेच ते मनात घर करून राहिले. म्हणून आज थोडी वाट वाकडी करतो.

मालीमच्या जेटीला बर्फ पुरवणारा एक छोटा कारखाना माझ्या शाळासोबत्याचा आहे. बर्फाची लादी कशी होते हे अनेकांनी पाहिले नसेल. मिठाच्या पाण्याचे मोठे टाके असते, ते पाणी अमोनियाच्या यंत्राने शून्याखाली थंड करतात, पण मिठामुळे ते गोठत नाही. त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उभे डबे सोडले की डब्यातले पाणी गोठून लादी तयार होते. टाक्याचे तापमान आणि अमोनियाचा दाब यांवर नजर ठेवणारे एक पॅनल तिथे २००९ पासून भिंतीवर आहे. दाब फार वाढला तर यांत्रिक झडप आपोआप उघडते, ती व्यवस्था वेगळी. पण पॅनलने आधी भोंगा वाजवला तर माणसांना पळापळ न करता यंत्र थांबवता येते. अमोनियाचा वास ज्याने एकदा घेतला आहे त्याला या भोंग्याची किंमत सांगावी लागत नाही.

दाब मोजणारा जुना सेन्सर बिघडला. तसा आता मिळत नाही. नवा मिळतो, पण तो आपले मोजमाप वेगळ्या पद्धतीने सांगतो, म्हणजे पॅनलच्या प्रोग्राममध्ये बदल हवा. पॅनल बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली. नवे पॅनल घ्यायचे तर खर्च लाखांच्या घरात, आणि मुदत तर अजिबात नव्हती. गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. कारखाना दुरुस्तीला मोकळा मिळतो तो याच दोन महिन्यांत. "एक ऑगस्टाक बोटी भायर सरतल्यो," मित्राने फोनवर एवढेच सांगितले.

एक गोष्ट बरी होती. कंपनीने जाताना एक सीडी दिली होती आणि मित्राच्या वडिलांनी ती जमिनीच्या कागदपत्रांबरोबर कपाटात जपून ठेवली होती. तिच्यात प्रोग्रामची संपूर्ण संहिता होती. नव्हता तो फक्त ज्याने ती यंत्राच्या भाषेत उतरवली तो कंपायलर.

इथे थोडे समजावून सांगितले पाहिजे. पॅनलमधल्या लहान संगणकाची स्मरणशक्ती अवघी ६४ मेगाबाइट. एवढ्यात कंपायलर चालवणे म्हणजे पडवीत नाटकाचा रंगमंच उभारणे. म्हणून प्रोग्राम मोठ्या संगणकावर घडवायचा आणि तयार माल लहान संगणकात नेऊन चालवायचा. माझ्या लॅपटॉपमधला प्रोसेसर इंटेलच्या जातीचा, पॅनलमधला एआरएम जातीचा. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. स्वतः इंटेलवर चालून एआरएमच्या भाषेत लिहिणारा तो क्रॉस कंपायलर. आणि कंपायलर एकटा कधी नसतो. त्याच्याबरोबर असेंब्लर आणि लिंकर लागतात, त्यांच्या संचाला बायन्युटिल्स म्हणतात. शिवाय प्रत्येक प्रोग्रामला रोज लागणारी सी भाषेची लायब्ररी. या सगळ्या गोतावळ्याला म्हणायचे टूलचेन.

साधन जिथले असते तिथली छाप मालावर पडतेच. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले. भाषा मराठी, रचना ओवीबद्ध, वाचणारे इथलेच. पण देवनागरी खिळे नव्हते म्हणून अक्षरे रोमन. ग्रंथकाराला मराठीची थोरवी पुरेपूर ठाऊक होती, छापखान्याला नव्हती. टूलचेनचेही असेच आहे. तिच्याजवळ जे खिळे असतील त्यांतच तुमचा प्रोग्राम छापला जातो.

याचा प्रत्यय लगेच आला. आज उबुंटूवर एआरएमचा क्रॉस कंपायलर एका आज्ञेत मिळतो. तो घेतला, संहिता पाच सेकंदांत उतरली, फाइल पॅनलवर नेली. उत्तर आले: 'ग्लिबसी २.३४' सापडत नाही. ग्लिबसी म्हणजे ती सी भाषेची लायब्ररी. २.३४ ही तिची २०२१ ची आवृत्ती, आणि पॅनलवर होती २००७ ची २.७. मग लायब्ररी प्रोग्रामच्या पोटातच भरून पाहिली, तर पॅनल म्हणाले: 'फेटल: कर्नल टू ओल्ड'. नव्या ग्लिबसीला लिनक्सचे कर्नल निदान ३.२ लागते, पॅनलवर २.६.२६. कर्नल बदलायचे तर पडद्याची लायब्ररी अडवते, कारण तेवढा एकच भाग कंपनीने संहितेशिवाय, तयार स्वरूपात दिलेला. तो जुन्या ग्लिबसीशीच बोलतो.

तेव्हा रस्ता एकच उरला. २००८ च्या सुमाराची टूलचेन मुळापासून बांधायची.

जुन्या संहिता मिळवायला काहीच त्रास झाला नाही, आणि याचे मला राहून राहून अप्रूप वाटते. बायन्युटिल्स २.१८, जीसीसी ४.३, ग्लिबसी २.७, कर्नल २.६.२६, सगळे आजही जनतेसाठी उघडे, कुणाच्या परवानगीविना, फुकट. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये जीसीसी लोकांच्या हाती दिला, तेव्हापासून ही मंडळी प्रत्येक आवृत्ती शिस्तीने जपून ठेवत आली आहेत. आमच्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या गाजलेल्या नाटकाची रंगावृत्ती शोधायची म्हटली तर दहा घरांची कवाडे वाजवावी लागतात आणि शेवटी वाळवीने खाल्लेली चार पाने हाती येतात.

मिळवणे सोपे, बांधणे अवघड. नव्या लॅपटॉपवर जुनी ग्लिबसी बांधू लागलो तर तिने पहिल्याच पायरीवर अडवले: 'मेक' हे अवजार गैरहजर आहे किंवा फार जुने आहे. माझ्याकडचे मेक चौथ्या पिढीचे! २००७ च्या तपासणीत फक्त तिसऱ्या पिढीची नावे लिहिलेली. यादीत नाव नाही म्हणजे जुनाट, असा तिचा न्याय. सरकारी कचेरीत असे अनुभव घेतलेल्या माणसाला याचे नवल वाटू नये. जीसीसी ४.३ ची तऱ्हा वेगळी. २०१५ च्या पाचव्या जीसीसीपासून सी भाषेचे गृहीत धरलेले व्याकरण बदलले, त्यामुळे आजचा कंपायलर आपल्याच पूर्वजाची संहिता वाचताना अडखळतो. एकेका ठिकाणी ठिगळ लावून पुढे जाता येते. मला ते पसंत पडले नाही. लॅपटॉपच्या आत एक आभासी संगणक उभा केला आणि त्यात २००९ सालचे डेबियन लेनी बसवले. तिथे कंपायलर, मेक, सगळे त्या काळातले. तक्रारी बंद.

मग खरे काम सुरू झाले. आधी बायन्युटिल्स, कारण त्याला कुणाचीच वाट पाहावी लागत नाही. बांधताना सांगावे लागते की माल कुणासाठी: 'आर्म-अननोन-लिनक्स-ग्नुएबी'. आमच्याकडे नाव, गाव आणि कुळदेव सांगतात तसेच हे. पहिला भाग प्रोसेसरचा, दुसरा बनवणाऱ्याचा, तिसरा प्रणालीचा, शेवटचा लायब्ररीचा आणि बोलण्याच्या रीतीचा. दुसऱ्या भागात खुशाल 'अननोन' लिहिले तरी चालते. लग्न जुळवताना मात्र चालत नाही.

यानंतर विरजणाचा पेच येतो. पुरा कंपायलर बांधायला ग्लिबसी हवी, आणि ग्लिबसी बांधायला कंपायलर हवा. तोड अशी: आधी एक अर्धामुर्धा जीसीसी बांधायचा. त्याला सी सोडून दुसरी भाषा नाही, लायब्ररी नाही, थ्रेड्स नाहीत. त्याच्याकडून एवढीच अपेक्षा की ग्लिबसीची संहिता तेवढी उतरवून द्यावी. विरजणापुरते दही म्हणतात ते हेच. ते पानात वाढायचे नसते. दरम्यान कर्नलमधून फक्त हेडर काढून घ्यायचे, म्हणजे कर्नलशी कसे बोलायचे हे ग्लिबसीला कळते. एआरएमसाठीचा भाग त्या काळी ग्लिबसीच्या मुख्य संहितेत नव्हता, 'पोर्ट्स' नावाच्या पुरवणीत असे; तो शेजारी ठेवावा लागतो. ग्लिबसी आणखी काही प्रश्न विचारते, ज्यांची उत्तरे अर्ध्या कंपायलरला देता येत नाहीत, तेव्हा ती आधीच एका फाइलमध्ये लिहून द्यावी लागतात. शेवटी ती एक लायब्ररी मागते जी अर्ध्या जीसीसीने बनवलेलीच नसते. जाणती माणसे तिथे दुसऱ्याच लायब्ररीला त्या नावाची पाटी लावून देतात. फसवणूक खरी, पण कुणाचे नुकसान न करणारी. ग्लिबसी तयार झाली की तिच्या आधाराने पुरा जीसीसी नव्याने बांधायचा, आणि अर्ध्याला निरोप द्यायचा.

हे सारे आपोआप करणारी अवजारे आहेत. डॅन केगेल यांचे क्रॉसटूल होते, त्याच्या पावलावर पाऊल ठेवून यान मोरॅन यांनी २००७ मध्ये क्रॉसटूल-एनजी सुरू केले. नव्या कामाला मी तेच सुचवीन. इथे मला प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर हवी होती, म्हणून शंभरेक ओळींची स्वतःची स्क्रिप्ट लिहिली. आषाढाचा पाऊस कोसळत होता, वीज दिवसातून चारदा जात होती. सुदैवाने मेक जिथे थांबले तिथून पुढे सुरू होते. घरच्या मंडळींचे "आजून जालें ना रे?" मात्र दर खेपेस पहिल्यापासून सुरू व्हायचे.

त्या रात्री पडद्यावर ओळी सरकताना पाहत असता केन थॉम्प्सन यांचे १९८४ चे ट्युरिंग व्याख्यान आठवत होते. कंपायलरमध्ये दडवलेली खोडी त्याने घडवलेल्या पुढच्या कंपायलरमध्ये उतरू शकते, संहितेत तिचा मागमूस नसतानाही, हे त्यांनी त्यात दाखवले होते. म्हणजे संहिता हाती असणे पुरेसे नाही. विरजण कुणाचे हाही प्रश्न आहे. २०२३ मध्ये गुईक्स प्रकल्पाने यावर मोठी मजल मारली: अवघ्या ३५७ बाइटच्या एका बीजापासून पायरीपायरीने चढत जीसीसीपर्यंत पोचण्याची वाट त्यांनी बांधून दाखवली. ३५७ बाइट म्हणजे माणसाने बसून वाचावेत एवढेच. आजीला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधणारे लोक जगात आहेत तर! माझा पल्ला तेवढा नव्हता. लेनीमधल्या तयार कंपायलरवर मी विश्वास टाकला.

२३ जुलैला नव्या टूलचेनमधून निघालेला प्रोग्राम पॅनलवर चालला. पडद्याच्या लायब्ररीने कुरकुर केली नाही. पुढचे चार दिवस सेन्सरचे बोलणे पॅनलच्या गळी उतरवण्यात गेले. त्यात सांगण्यासारखे काही नाही, तारा आणि कंटाळा. मग कृत्रिम दाब देऊन भोंगा तीनदा वाजवून पाहिला, आणि मित्राने टाके थंड करायला घेतले.

बिलाबरोबर त्याला एक पेनड्राइव्ह दिला, आणि त्याची प्रत दुसऱ्या घरी ठेवायला सांगितली. त्यात संहिता आहे, चारही अवजारांच्या मूळ फायली आहेत, लेनीचा आभासी संगणक जसाच्या तसा आहे, स्क्रिप्ट आहे, आणि कोणी काय करावे याची दोन पाने मराठीत. आधीच्या कंपनीने संहिता दिली हे तिचे मोठेपण, अनेकजण तेवढेही देत नाहीत. पण अवजाराविना संहिता म्हणजे वाद्यांविना आरती.

सप्टेंबरात मित्राच्या पुतण्याने, जो आयटीआयमध्ये शिकलेला आहे, ती दोन पाने वाचून आपल्या लॅपटॉपवर सगळे मुळापासून बांधले. मला न विचारता. त्याने काढलेली प्रोग्रामची फाइल आणि माझी, दोन्ही शेजारी ठेवून तपासल्या. फरक निघाला तो थोड्याच बाइटचा: बांधणीची तारीख आणि वेळ, जी संहितेप्रमाणे पॅनल सुरू होताना पडद्यावर दिसते. "ती काडून उडोवया?" त्याने विचारले. मी म्हटले, राहू दे. रात्रपाळीच्या माणसाला कुठला प्रोग्राम चालू आहे ते तिच्यावरूनच कळते.