माळ्यावर काही ठेवायचं नाही

आमच्या घरात बाबांचा एकच नियम चालतो: माळ्यावर काही ठेवायचं नाही.

मुंबईतल्या मंडळींना हे वाचून घेरी येईल. वन रूम किचनमधे माणसं खाली आणि संसार वर राहतो. पण आम्ही पडलो तलासरीचे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात जमीन हलायला लागली. धुंदलवाडी हे नाव त्याआधी पालघर जिल्ह्याबाहेर कुणी ऐकलं नसेल, ते रोज टीव्हीवर दिसायला लागलं. १ फेब्रुवारी २०१९ ला तर एका दिवसात धक्क्यांमागून धक्के बसले, त्यातला मोठा ४ च्या पुढचा. लोक थंडीत बाहेर तंबूत झोपले. त्या दिवशी आमच्या माळ्यावरचं पितळी घंगाळ आजीच्या उशीवर पडलं. आजी अंगणात होती, म्हणून वाचली. दुसऱ्याच दिवशी बाबांनी माळा रिकामा केला, तो आजतागायत रिकामाच आहे.

तर अशा या दोन खोल्या आणि स्वयंपाकघराच्या घरात मी २०२३ साली स्कुबाचं सामान आणलं.

स्कुबा आणि तलासरी? हसा, हसा. :) डहाणूचा समुद्र म्हणजे गाळ. ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की बुडायला आधी चालायला लागतं, आणि पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. पण तारकर्लीला मित्रांबरोबर पहिल्यांदा पाण्याखाली गेलो आणि वेडच लागलं. पुढे रीतसर कोर्स केला. ऑफिसमधला एकजण कॅनडाला चालला होता, त्याच्याकडून सगळा संच अर्ध्या किमतीत उचलला. रेग्युलेटर, बीसीडी (म्हणजे हवा भरायचं जॅकेट), वेटसूट, फिन्स, मास्क आणि मनगटावरचा कॉम्प्युटर. सिलिंडर आणि शिशाची वजनं मात्र घेतली नाहीत. ती डाइव्हवाल्यांकडे मिळतात, आणि भूकंपाच्या गावात घरात २०० बारचा सिलिंडर उभा करायचा म्हणजे बाबांनी मलाच बाहेर उभं केलं असतं.

एवढं कमी करूनही जे उरलं त्याला अधिक महिन्यातल्या जावयासारखा मान लागतो. वेटसूटची घडी चालत नाही, निओप्रीनला कायमची चुणी पडते. बारीक हँगर खांद्यात रुततो, रुंदच लागतो. रेग्युलेटरच्या नळ्या करकचून वाकवायच्या नाहीत. जॅकेटमधे थोडी हवा ठेवायची, नाहीतर आतली पिशवी चिकटते. पारदर्शक मास्क काळ्या रबराला टेकून ठेवला की डागाळतो. ऊन कशालाच चालत नाही.

मी काय केलं? मे २०२४ मधे डाइव्ह करून आलो, सगळं एका बादलीत बुचकळलं, ट्रॉली बॅगेत कोंबलं आणि दिवाणाखाली सरकवलं. जागेचा प्रश्न सुटला म्हणून स्वतःवर खूषही झालो.

आपल्या किनाऱ्यावर गोची अशी आहे की डाइव्हिंग पावसाळ्यात बंद असतं. म्हणजे सामान घरात पडून राहतं ते नेमके ओलीचे चार महिने. ऑक्टोबरात बॅग उघडली तर वास आणि बुरशी. पुसलं, चार दिवस वाळवलं आणि नोव्हेंबरात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर घेऊन गेलो.

१४ मीटरवर जॅकेटमधे हवा भरायचं बटण दाबलं, ते परत वर आलंच नाही. आत मिठाचे खडे धरले होते. जॅकेट आपोआप फुगत होतं आणि मी वर चाललो होतो. खोल पाण्यात दाबाखालची हवा श्वासात घेतलेली असते, वर जाल तशी ती फुफ्फुसात फुगते. श्वास धरून भसकन वर जाणं म्हणजे जिवाशी खेळ. कॉम्प्युटर किंचाळत होता. कोर्समधे शिकवलेलं आठवलं, नळीचं जोड खेचून सोडवलं, हवा सोडायची दोरी ओढली. जोडीदाराने फिन पकडून ठेवला होता. ६ मीटरवर थांबलो. श्वास सोडत राहिलो होतो, एवढंच काय ते बरोबर केलं.

घरी यातलं काही सांगितलं नाही.

धाकटी डहाणूला बाबांचे एक मित्र मासेमारी करतात. १ जूनला बंदी लागली की त्यांची जाळी घरी येतात. २०२५ च्या जूनमधे त्यांच्याकडे गेलो असताना सहज म्हणून विषय काढला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मीठ काढलं होतंस का?" मी म्हटलं, धुतलं की. "धुणं वेगळं, मीठ काढणं वेगळं. मीठ राहिलं की ते हवेतलं पाणी ओढतं. मग चार महिने वाळव, वाळणारच नाही." जागेचं विचारलं तर म्हणाले, जाळ्याला जागा कमी चालते, वारा लागतो.

चार वर्षं इंजिनिअरिंग करून मला हे सुचलं नव्हतं. असो.

घरी आईची आगोटीची धांदल चालू होती. डाळी, पापड, सुके बोंबील, सगळं डब्यात. तिच्याकडे कपाटाची अर्धी बाजू मागितली. "कशाला?" म्हणाली, आणि मग नेत्राणीचं सांगावंच लागलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. नुसतीच डब्यांची झाकणं लावत राहिली. मग उठून बाबांचा लग्नातला कोट काढला, घडी करून ट्रंकेत ठेवला आणि रुंद लाकडी हँगर माझ्या हातात दिला.

"कोटाला घडी पडली म्हणून कुणी बुडत नाही."

आता वेटसूट त्या हँगरवर कपाटात असतो. रेग्युलेटर सैल वेटोळं करून ट्रंकेवरच्या पसरट टोपलीत, मास्क स्वतःच्या डबीत, फिन्स दिवाणाखाली आडवे. भिजवताना रेग्युलेटरचं टोपण घट्ट, आणि त्याचं पुढचं बटण दाबायचं नाही, नाहीतर पाणी आत शिरतं. जॅकेटच्या पोटातही गोडं पाणी भरून, हलवून, ओतून टाकायचं. तीन पाणी. आई दर पंधरा दिवसांनी डबे उघडून बघते, त्याच दिवशी माझंही सगळं पंख्याखाली येतं.

जॅकेट अर्धवट फुगवून स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला आहे, कमरेच्या उंचीवर. बाबांनी स्वतः खिळा ठोकला. आजी त्याला "तुझा माणूस" म्हणते आणि येता-जाता एकदा दाबून बघते.

परवा सकाळी मीटिंगमधे होतो, तिची हाक आली, "अरे, तुझा माणूस मऊ पडलाय!" साबणाचं पाणी लावून बघितलं तर खांद्यावरच्या व्हॉल्व्हमधून बुडबुडे. ऑक्टोबरच्या आत दुरुस्तीला टाकायला हवं.