यंत्राची साक्ष

मधुमेह एकदां घरांत शिरला म्हणजे तो एकट्या रोग्याचा रहात नाहीं, सर्व घराचा होतो. पानांतील भात, सणावारचें पक्वान्न, सायंकाळचें फिरणें, सर्वांवर त्याची दृष्टि असते. आमच्या सौ.स गेलीं कांहीं वर्षें इन्सुलिन घ्यावें लागतें. बोटाच्या रक्तबिंदूवरून साखर सांगणारें ग्लुकोमीटर नांवाचें लहानसें यंत्र तिच्या उशाशीं असतें. आंकडा वहींत लिहावयाचा व ती वही डॉक्टरांपुढें ठेवावयाची, असा क्रम होता.

वही निर्मळ होती. तिमाही चांचणीहि समाधानकारक येई. तरी सकाळीं तिचा चेहरा उतरलेला दिसे. डॉक्टर म्हणाले, "तिमाही चांचणी सरासरी सांगते, सरासरींत खांचखळगे बुजून जातात. यंत्राच्या पोटांतील नोंदी घेऊन या."

यंत्राच्या पोटांत शेंकडों नोंदी तारीखवेळेसह असतात. त्या बाहेर काढण्यासाठीं उत्पादकाचें सॉफ्टवेअर संगणकावर बसवावें लागतें. हें काम आम्ही व आमचा पुतण्या मिळून करावयास बसलों. यंत्राच्या पुस्तिकेंत आधीं सॉफ्टवेअर व मग केबल असा क्रम दिला होता. सॉफ्टवेअरबरोबर ड्रायव्हर नांवाचा दुभाष्या येतो. तो नसेल तर यंत्र बोलतें पण संगणकास तें कळत नाहीं.

इतकें करूनहि संगणक यंत्रास ओळखीना. पुतण्यानें केबल बदलतांच ओळख पटली. मोबाईलच्या कांहीं केबली केवळ वीज नेतात. माहिती वाहणाऱ्या तारा त्यांत नसतातच. बाहेरून मात्र दोन्ही सारख्याच दिसतात.

नोंदी उतरवून घेण्यापूर्वीं दोन गोष्टी पहाव्या. पहिली यंत्राचें घड्याळ. बॅटरी बदलल्यावर कांहीं यंत्रांचें घड्याळ चुकतें, आणि मग पहांटेची नोंद दुपारची ठरते. दुसरी तारखेची रीत. 3/4 म्हणजे आपल्याकडे 3 एप्रिल, पण अमेरिकन रीतीनें 4 मार्च. आमच्या यंत्राचें घड्याळ बरोबर होतें. तारखेची रीत पुतण्यानें बदलून घेतली.

मग सर्व नोंदींचा तक्ता केला, आणि तो तारखेनुसार न लावतां दिवसाच्या प्रहरानुसार लावला. वहींत विखुरलेलें जें कधींच दिसलें नसतें, तें एका ओळींत उभें राहिलें. पहांटे तीन ते चारच्या दरम्यानच्या नऊ नोंदी होत्या. एकहि वहींत नव्हती. सर्व 70 च्या खालीं होत्या व एक तर 58 होती. साखर 70 च्या खालीं जाणें हें इन्सुलिन घेणारास धोक्याचें. ती फार उतरली तर शुद्धहि हरपते.

विचारतां ती शांतपणें म्हणाली, "दरदरून घाम येई, हात कांपत. साखरपाणी घेतलें कीं बरें वाटे. दिवसभर सगळे दमतात. मध्यरात्रीं घर कशाला उठवायचें?"

यावर आम्हांस कांहीं बोलवेना. सून डोळे पुसूं लागली.

तो तक्ता पाहून डॉक्टरांनीं रात्रीच्या इन्सुलिनची मात्रा कमी केली. येथें एक सांगणें अवश्य आहे: आंकडे पाहून मात्रा आपण होऊन बदलूं नये, तें काम डॉक्टरांचें. आपलें काम इतकेंच कीं त्यांच्यापुढें साक्ष पुरती ठेवावी.

कारण यंत्र हा साक्षीदार प्रामाणिक असला तरी अपुरा आहे. काय व केव्हां हें तें सांगतें. कां हें सांगत नाहीं. त्या रात्रीं जेवण कमी झालें होतें कीं उपास होता, हें त्यास ठाऊक नसतें. म्हणून आमच्या घरीं वही बंद झालेली नाहीं. आतां आंकडा यंत्रांत असतो व कारण वहींत. स्मृति भरली म्हणजे यंत्र जुन्या नोंदी पुसून नव्या लिहितें, यास्तव दर महिन्याच्या पहिल्या तारखेस पुतण्या त्या उतरवून घेतो.

परंतु रात्रीं तीन वाजतां घर उठविणें हा अपराध नव्हे, हें कोणत्याहि केबलीतून रोग्यापर्यंत पोहोंचत नाहीं. तें घरांतील माणसांनींच, रोग्यानें विचारण्यापूर्वीं, बोलून दाखवावें लागतें.