आयतं ताट, माथेरानचं!

माथेरानला जाऊन आलेली मंडळी पॉइंट, घोडे आणि माकडं यांचंच वर्णन करतात. मला मात्र सांगायचंय ते तिथल्या जुन्या हॉटेलांतल्या जेवणघराबद्दल.

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब हा डोंगर चढून आले आणि हळूहळू इथे साहेबलोकांचे बंगले उभे राहिले. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाने नेरळहून छोटी आगगाडी वर आणली. मग मुंबईकर हवापालटाला येऊ लागले आणि लॉर्ड्स सेंट्रलसारखी पारशी हॉटेलं नावारूपाला आली. गावात मोटारींना बंदी. भाजीपाला, किराणा सगळं घोड्यावर नाहीतर हमालाच्या डोक्यावर. तेव्हा ऐनवेळी फर्माईश चालत नाही. खोलीच्या भाड्यातच चहा, नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण, तेही ठरल्या वेळी, अशी या जुन्या हॉटेलांची रीत.

ही रीत पुरुषांना जाचक वाटते. आपल्याला? बाई गं, आज काय करू हा प्रश्नच नाही!

आमच्या देवळाली प्रवराकडची ऊस-कांद्याची घरं म्हणजे सदा गड्यामाणसांचा राबता. माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षं सगळ्यांना वाढून मागाहून, निवलेलं खाल्लं. माथेरानलाही पहिल्या दिवशी त्या खुर्चीमागे उभ्याच. “तुमचं होऊ दे, मी मग बसते.” वाढप्याने खुर्ची ओढली आणि म्हणाला, “माजी, पहिल्यांदा तुम्ही.” वाफाळतं सूप आधी त्यांच्यापुढे आलं. त्या इतक्या अवघडल्या, की ह्यांच्याकडे बघेनात.

शाकाहारी असल्याचं आम्ही आधीच कळवलं होतं, म्हणून बिनमटणाचं धानसाक आलं. डाळीत लाल भोपळा, वांगं, मेथी शिजवून घोटलेली, सोबत कांदा तांबूस परतून केलेला तपकिरी भात. सासूबाईंनी घास घेतला आणि निकाल दिला, “अगं, हा तर आमटीभातच की!” पारशी घरांत हा पदार्थ रविवारी आवडीने करतात, शुभकार्याला मात्र नाही, हे कळल्यावर त्यांना फारच गंमत वाटली.

तिसऱ्या दिवशी जेवणाची वेळ झाली तशी सगळ्यांच्या आधी त्याच जाऊन बसल्या होत्या. चाळीस वर्षांत त्यांना कुणी “आधी तुम्ही” म्हटलंच नव्हतं, हे तेव्हा आम्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. आता घरी रात्री पोळ्यांचा डबा आणि पातेली मधोमध ठेवून सगळे एकदम बसतो. ज्याला हवं त्याने वाढून घ्यायचं. ह्यांनी आधी कुरकुर केली, पण आता सवय झालीय.

तुम्हीही जाणार असाल तर थोडं ध्यानात ठेवा. आमच्या भागातून पुणे गाठून रेल्वेने कर्जत, तिथून लोकलने नेरळ. पावसाळ्यात नेरळहून छोटी गाडी बंद असते, तेव्हा टॅक्सीने दस्तुरीपर्यंत जावं. पुढे पायी किंवा घोड्यावर. सामान बेताचंच घ्या. खोली ठरवताना जेवण धरून भाडं किती, हे विचारा. उपास, पथ्य आधी कळवा. कॅरमेल कस्टर्ड दिसतं छान, पण त्यात अंडं असतं. चालत नसेल तर दुसरं गोड मागा.

आणि घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईला बरोबर न्यायला विसरू नका.