कडी असलेलं अंगण

गाव सुटलं तेव्हा अंगणही सुटलं. कोंढव्यातल्या आमच्या भाड्याच्या घराला तीन फुटांची गॅलरी आहे. तिथं अम्मीला टोमॅटो लावायचे होते. पण कशात?

तिचा जीव मातीच्या कुंडीत. तिच्यात मुळांना हवा मिळते हे खरं. पण ती जड, शिवाय उन्हात लवकर सुकते आणि आमच्या नळाला पाणी बेताचं. तेलाचा पत्र्याचा डबा दुपारी तापतो, पुढे गंजतो. केमिकलचा पिंप स्वस्त मिळत होता. खायच्या वस्तूसाठी तो नकोच म्हटलं.

शेवटी बेकरीतल्या तुपाच्या रिकाम्या पांढऱ्या बादल्या आणल्या. उंच वाढणाऱ्या टोमॅटोला २० लिटरची बादली लागते, बुटक्या जातीला १०-१२ लिटरची पुरते. बुडाला बोटभर भोकं पाडली, नाहीतर मुळं कुजतात. २० लिटर ओली माती ३० किलोच्या आसपास भरते. म्हणून मातीत कोकोपीट आणि शेणखत मिसळून वजन कमी केलं, आणि बादल्या कठड्यावर न ठेवता भिंतीलगत मांडल्या.

आमचा करार ११ महिन्यांचा असतो. नाव ऐकून घर नाकारलं जाणं आम्हाला नवं नाही. बिऱ्हाड कधी हलेल, सांगता येत नाही. अम्मीनं हे आमच्याआधी ओळखलं. कुंडीचा हट्ट सोडताना ती एवढंच म्हणाली, "बादलीला कडी असते, बेटा. उचलून नेता येते."